समृद्धी मोजणार कुणाच्या मापाने?

५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा तुकडा खुला झाला आणि मुंबई-नागपूर महामार्ग पूर्ण झाला. लांबी ७०१ किलोमीटर. १० जिल्हे, २६ तालुके, ३९२ गावे. खर्च ५५ हजार कोटींच्या वर. पहिला टप्पा, नागपूर ते शिर्डी, ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाला होता. तेव्हापासून एक वाक्य राज्यकर्त्यांच्या तोंडी घट्ट बसले आहे. महामार्ग १० जिल्ह्यांतून जातो, पण विकास २४ जिल्ह्यांचा होणार!

हा २४ चा आकडा कोणी मोजला? कशाने मोजला? विकास म्हणजे नेमके काय वाढले आणि ते कोणाच्या घरात वाढले? रस्त्याचे बारसे करतानाच त्याचे नाव समृद्धी ठेवले गेले. परीक्षेला बसण्यापूर्वीच निकाल जाहीर करण्याचा हा प्रकार आहे. आंबेडकरी समाज विकासाचा वैरी नाही, रस्त्याचा तर नाहीच नाही. सार्वजनिक रस्त्यावरून चालण्याच्या हक्कासाठी ज्यांना १९२४ साली वायकोमला सत्याग्रह पाहावा लागला, त्यांना रस्त्याची किंमत इतरांनी शिकवण्याची गरज नाही. म्हणूनच आपला प्रश्न रस्ता हवा की नको हा नसून रस्त्याचा हिशेब कोणत्या वहीत लिहिला जातो, हा आहे.

सरकारी वही आधी उघडू. कोणताही महामार्ग मंजूर करताना एक आर्थिक ताळेबंद मांडला जातो. त्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक पुस्तिका आहे. तिच्या पद्धतीने इंधन किती वाचले, टायर आणि यंत्राची झीज किती कमी झाली, प्रवाशांचा वेळ किती वाचला, याचे रुपये करायचे. त्यातून बांधकाम आणि देखभालीचा खर्च वजा करायचा. परतावा साधारण १२ टक्क्यांच्या वर निघाला की प्रकल्प देशहिताचा ठरतो. हिशेब वरवर निरुपद्रवी दिसतो. पण वेळेची किंमत कशी लावतात ते पाहा. मोटारीत बसलेल्या माणसाचा तास महाग आणि साध्या एसटीत बसलेल्या माणसाचा तास स्वस्त. कारण ज्याची मिळकत जास्त, त्याचा वेळ मोलाचा! अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात चूक नाही असे सांगितले जाईल. परंतु या मापाने मोजले तर ज्या रस्त्यावर मोटारवाले जास्त, तो रस्ता आपोआप जास्त फायद्याचा ठरतो, आणि वस्तीपासून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता आपोआप तोट्याचा. विषमता आधी समाजात असते. नंतर ती गणितात शिरते आणि गणितातून निर्णय होऊन पुन्हा समाजात येते.

याच वहीत आणखी एक माणूस सापडत नाही, तो म्हणजे पायी चालणारा. मोजणी वाहनांची होते. दोन्ही बाजूंना कुंपण घातलेल्या १२० मीटर रुंदीच्या पट्ट्यामुळे जी शेतमजूर बाई पूर्वी दहा मिनिटांत पलीकडच्या शिवारात कामावर जात होती आणि आता भुयारी मार्ग गाठण्यासाठी वळसा घालते, तिचा गेलेला वेळ कोणी वजा करत नाही. मुंबईच्या व्यापाऱ्याचे वाचलेले तास जमेच्या बाजूला, तिचे गेलेले तास कुठेच नाहीत.

आता प्रदेशाच्या विकासाकडे वळू. वाचलेले इंधन आणि वेळ यापलीकडे महामार्गामुळे कारखाने येतात, बाजार जवळ येतो, जमिनीला भाव येतो, रोजगार वाढतो, असा दावा असतो. हा दावा पूर्ण खोटा नाही आणि पूर्ण खराही नाही. तो तपासणे मात्र भलतेच अवघड आहे. कारण रस्ते बहुधा तिथेच नेले जातात जिथे वाढ आधीच चालू असते किंवा होणार असे दिसत असते. मग रस्त्यालगत कारखाना दिसला की तो रस्त्यामुळे आला, की कारखाना येणार होता म्हणून रस्ता आला? याचा निवाडा करायचा तर रस्त्यालगतची गावे आणि तशाच परिस्थितीतली पण रस्त्यापासून दूरची गावे निवडावी लागतात. दोघांची रस्त्यापूर्वीची आणि रस्त्यानंतरची स्थिती पाहून फरकातला फरक काढावा लागतो. केवळ ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे शेजारी लावून हे काम होत नाही.

जगात असे काम झाले आहे आणि त्याचे निष्कर्ष आपल्या मंत्र्यांच्या भाषणांपेक्षा बरेच सावध आहेत. अमेरिकेतील आंतरराज्य महामार्गांवर अमिताभ चंद्रा आणि एरिक थॉम्पसन यांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. ज्या ग्रामीण काउंट्यांमधून महामार्ग गेला तिथली उलाढाल वाढली, पण शेजारच्या काउंट्यांमधली कमी झाली. म्हणजे वाढीचा बराचसा भाग हा नवा नव्हता, तो शेजाऱ्याच्या ताटातून आला होता. चीनच्या राष्ट्रीय महामार्ग जाळ्याबद्दल बेंजामिन फेबर यांनी २०१४ मध्ये दाखवले की मोठ्या शहरांना जोडणाऱ्या महामार्गावर आलेल्या लहान, कडेच्या काउंट्यांची औद्योगिक वाढ, न जोडलेल्या तशाच काउंट्यांपेक्षा मंदावली. रस्ता दोन्ही दिशांनी चालतो. गावचा माल शहरात जातो तसा शहरातल्या बड्या कारखान्याचा स्वस्त माल गावात येतो आणि गावातला छोटा कारखानदार बसतो. ‘जोडले गेले म्हणजे वाढले’ हे समीकरण चीननेही खोटे पाडले आहे.

आपल्या देशातले उदाहरण सुवर्ण चतुष्कोनाचे. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता यांना जोडणारा ५,८४६ किलोमीटरचा प्रकल्प. एजाझ घनी, आरती गोस्वामी आणि विल्यम केर यांनी त्याचा कारखानदारीवर झालेला परिणाम तपासला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. रस्त्यापासून १० किलोमीटरच्या आत येणाऱ्या जिल्ह्यांत कारखानदारी चांगली वाढली. १० ते ५० किलोमीटर अंतरावरच्या जिल्ह्यांत तशी वाढ दिसली नाही. १० किलोमीटर आणि २४ जिल्हे, या दोन आकड्यांतले अंतर वाचकांनीच मोजावे. समृद्धी महामार्ग बुलढाणा जिल्ह्यात मेहकर, सिंदखेड राजाच्या बाजूने जातो. त्याच जिल्ह्यातले संग्रामपूर आणि जळगाव जामोद पार सातपुड्याच्या पायथ्याशी आहेत. उद्या बुलढाण्याचे सरासरी दरडोई उत्पन्न वाढलेले दाखवले गेले तर त्यात संग्रामपूरच्या आदिवासी पाड्याचा वाटा किती, हे सरासरी कधीच सांगणार नाही.

आणखी एक गोष्ट या अभ्यासात ध्यानात घेण्यासारखी आहे. तो संघटित कारखानदारीचा अभ्यास आहे. आपला माणूस तिथे मालक म्हणून किती? २००५ च्या आर्थिक गणनेनुसार देशातील एकूण उद्योग-व्यवसायांपैकी अनुसूचित जातींच्या मालकीचे ९.८ टक्के होते, लोकसंख्येतला वाटा १६ टक्क्यांहून अधिक असताना. तेही बहुतेक एकट्यादुकट्याने चालवलेले लहान धंदे. तेव्हा कारखानदारी वाढली हे खरे मानले तरी नफ्याच्या रांगेत आपण कुठे उभे आहोत, हा प्रश्न वेगळा मोजावाच लागेल.

इथे मनमाडची आठवण होणे अपरिहार्य आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, हे आपण सारे जाणतो. त्याच भाषणातला दुसरा मुद्दा मात्र आपण फारसा काढत नाही. रेल्वेत अस्पृश्याला गँगमनचे काम मिळते, परंतु तो पोर्टर होऊ शकत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामे करून घेतो आणि अस्पृश्य घरात चालत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. रेल्वे म्हणजे त्या काळचा महामार्गच. रोजगार तिने दिलाच होता. बाबासाहेबांनी मोजले ते रोजगार किती हे नव्हे, तर कोणत्या पायरीवर कोण उभा आहे हे. मोजमापाची ही आंबेडकरी रीत आहे आणि ती कोणत्याही परदेशी विद्यापीठाच्या सूत्रापेक्षा आपल्या कामाची आहे. टोलनाक्यावर, विश्रांतिस्थळावरच्या हॉटेलात, पेट्रोलपंपावर, गोदामात, ठेकेदाराच्या कार्यालयात कोण कोणत्या कामावर आहे? स्वच्छतेचा ठेका कोणाचा आणि झाडू कोणाच्या हातात? ही यादी करायला कोणतीही मोठी संस्था लागत नाही.

बाजूची दुसरी गोष्टही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पंतप्रधान ग्रामसडक योजनेवर सॅम आशर आणि पॉल नोवोसाद यांचा अभ्यास २०२० मध्ये आला. गावाला पक्का रस्ता मिळाल्यावर शेतीचे उत्पन्न, घरातली मालमत्ता यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही, असे त्यांना आढळले. पण लोक शेतीतून बाहेर पडून अन्य मजुरीकडे वळले. सरकारच्या दृष्टीने हा निराशाजनक निकाल असेल, आपल्याला तो तसा वाटण्याचे कारण नाही. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींच्या काम करणाऱ्यांपैकी जवळपास ४६ टक्के शेतमजूर होते आणि स्वतःची शेती कसणारे १५ टक्क्यांच्याही आत. ज्याच्या बांधावर राबायचे त्याच्याच दारात लाचारीने उभे राहायचे, या साखळीतून सुटून तालुक्याच्या गावी रोजंदारी मिळवणे यात उत्पन्न तेवढेच राहिले तरी माणूस बदलतो. शेतीवर पडून राहिलेले जादा हात उद्योगाकडे नेल्याशिवाय शेतीचा प्रश्न सुटणार नाही, असे बाबासाहेबांनी १९१८ च्या लहान शेतजमिनींवरील निबंधातच मांडले होते. तेव्हा गावाबाहेर नेणारा रस्ता आपल्याला हवाच आहे. पण हे काम वस्तीपर्यंत येणाऱ्या रस्त्याने केले. चढायला-उतरायला ठरावीक ठिकाणेच असलेल्या द्रुतगती मार्गाने ते होते का?

कारण समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. रिक्षाला बंदी, ट्रॅक्टरला बंदी, बैलगाडीचा तर प्रश्नच नाही. वेगाच्या रस्त्यावर ही बंदी सुरक्षिततेसाठी आवश्यक असेलही. पण मग ज्या ३९२ गावांतून रस्ता गेला त्या गावांतल्या किती घरांकडे त्यावर चालवता येईल असे वाहन आहे? १ एप्रिल २०२५ पासून मोटारीला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे टोल लागू झाला. पूर्ण अंतराला साधारण १,४४५ रुपये, फक्त जाण्याचे. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे साडेचार दिवसांपेक्षा जास्त मजुरी एका टोलमध्ये. चैत्यभूमीवरून दीक्षाभूमीला जाणारी आपली माणसे अजून रेल्वेच्या जनरल डब्यातच बसतात, ती काही हौसेने नाही.

आणि जुना रस्ता? जुन्या मुंबई-नागपूर रस्त्यावर गावोगावी चहाची टपरी, पंक्चरचे दुकान, रसवंती, खानावळ होती. लहान माणसाचा धंदा वाहन थांबण्यावर चालतो. कुंपणाच्या रस्त्यावर वाहन थांबते ते फक्त ठरलेल्या विश्रांतिस्थळी, आणि तिथला गाळा ज्याच्याकडे भांडवल आहे त्यालाच मिळतो. नव्या रस्त्यावर वाढलेली उलाढाल जमेला धरताना जुन्या रस्त्यावर बुडालेली उलाढाल वजा करायला हवी, हे अमेरिकेचा अभ्यास २५ वर्षांपूर्वीच सांगून गेला.

सर्वात मोठा घोळ मात्र जमिनीच्या हिशेबात आहे. समृद्धीसाठी २०१६ मध्ये जमीन एकत्रीकरणाची योजना आली. विरोध झाला. मग २०१७ पासून थेट खरेदी, सरकारी दराच्या पाचपटीपर्यंत मोबदला. ज्याच्या नावावर सातबारा होता त्याच्या हातात पैसा आला. कोणी पक्के घर बांधले, कोणी दुसरीकडे जमीन घेतली, कोणी तो उधळला. हा पैसा गावात आला म्हणून गावाची समृद्धी झाली असे सांगितले जाते. पण ज्या शेतावर तीन-चार घरांची रोजी होती ते शेत डांबर-काँक्रीटखाली गेल्यावर त्या मजुरांना काय मिळाले? २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याने ‘बाधित कुटुंब’ या व्याख्येत तीन वर्षे त्या जमिनीवर पोट असलेले शेतमजूर, कुळे आणि वाटेकरी यांनाही घेतले आहे. सामाजिक परिणामांचे मूल्यमापन संपादनाआधीच करावे, असेही तो कायदा सांगतो. म्हणजे ज्या मोजमापाबद्दल आपण बोलतो आहोत ते कायद्याच्या पुस्तकात आहे! परंतु २०१८ मध्ये महाराष्ट्राने या कायद्यात दुरुस्ती करून महाराष्ट्र महामार्ग अधिनियमाखालील संपादन त्यातून बाजूला काढण्याची वाट करून घेतली. मोबदल्याची तरतूद ठेवली, मोजमाप तेवढे गेले.

गायरानाचे तर बोलायलाच नको. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ च्या ६ डिसेंबरपासून भूमिहीनांचा जो सत्याग्रह झाला, त्याच्या पोटातून मराठवाडा-विदर्भातल्या हजारो भूमिहीनांनी गायराने कसायला घेतली. १४ एप्रिल १९९० पूर्वीची ही अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. पण आजही कित्येकांचे नाव सातबाऱ्यावर चढलेले नाही. महामार्गाला खासगी जमीन घेतली तर पाचपट पैसे मोजावे लागतात, गायरान मात्र सरकारचेच. दोन पिढ्या ज्याने दगड वेचून ते कसले, तो कागदावर अतिक्रमक. हाडोळ्याची गत निराळी पण फार बरी नाही. १९५८ च्या कायद्याने महार वतन संपले, जमिनी नवीन शर्तीवर परत मिळाल्या. एका सातबाऱ्यावर वीस-तीस वारस, त्यात कोणी मुंबईत, कोणी पुण्यात. मोबदला वाटपाच्या वेळी हरकती, नजराण्याचा प्रश्न, दलालांचा सुळसुळाट. विकासाच्या हिशेबात ‘अनुसूचित जातींच्या किती एकर जमिनी गेल्या आणि त्यांना सरासरी किती मोबदला मिळाला’ असा एक साधा स्तंभ असता तरी बरेच काही उघड झाले असते.

मेलेल्यांचाही हिशेब आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवासी गेले. त्यानंतर महिनाभराने, ३१ जुलैच्या मध्यरात्री, शहापूर तालुक्यातील सरलांबे येथे पुलाचे काम चालू असताना गर्डर बसवणारे अवजड यंत्र कोसळून २० कामगार ठार झाले. प्रकल्प अहवालात अपघात टळल्याचा फायदा जमेला धरतात. बांधताना गेलेले कामगार खर्चाच्या बाजूला लिहिण्याची पद्धत नाही.

आता हे सारे का लिहायचे, समृद्धी तर झाली! लिहायचे कारण पुढचा रस्ता आखून तयार आहे. पवनार ते पत्रादेवी, ८०२ किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग. वर्ध्यापासून सिंधुदुर्गपर्यंत १२ जिल्हे, अंदाजे खर्च ८६,३०० कोटी. राज्य मंत्रिमंडळाने २४ जून २०२५ रोजी त्याला मंजुरी दिली. कोल्हापूर, सांगली आणि मराठवाड्यातील शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला आहे. आखणीत काही फेरबदल झाले किंवा न झाले, तरी त्या विरोधात जमीनधारकाचा आवाज आहे, भूमिहीनाचा फारसा ऐकू येत नाही. नांदेड, हिंगोली, परभणी, लातूर, बीड, धाराशिव हे जिल्हे गायरानाच्या लढ्याचे जिल्हे आहेत, हे कोणी सांगायला हवे का?

समृद्धीच्या बाबतीत ‘आधी’ची मोजणी हातातून गेली. २०११ नंतर जनगणनाच झाली नाही आणि रस्ता २०२२ मध्ये सुरू झाला. पण शक्तिपीठाच्या बाबतीत वेळ आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्राने येत्या जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय केला आणि या जनगणनेचे वर्ष २०२७ ठरले. त्यामुळे घर, नळ, वाहन, काम आणि जात यांचा एकत्रित, गावनिहाय हिशेब रस्ता तयार होण्यापूर्वीच मिळू शकतो. (आपल्या लोकांनी धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिताना जातीचा रकाना रिकामा सोडू नये. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीची नोंद बौद्धांनाही खुली आहे. रकाना चुकला की पुढची सगळी आकडेवारी चुकते.) मार्गावरच्या आणि मार्गापासून दूरच्या गावांची ही माहिती आज नोंदवून ठेवली, तर दहा वर्षांनी कोणत्या वस्तीत काय बदलले याचा निवाडा भाषणांवर सोडावा लागणार नाही. समाजकल्याण खात्याला, विद्यापीठांच्या अर्थशास्त्र विभागांना आणि चळवळीतल्या प्राध्यापकांना हे काम आता हाती घेता येईल. पीएच. डी. करणाऱ्या आपल्या मुलांना विषय सापडत नाहीत, अशी तक्रार ऐकू येते. ८०२ किलोमीटर लांबीचा विषय समोर पडला आहे.

गावपातळीवर त्याहून सोपे काम आहे आणि तेच आधी व्हायला हवे. संयुक्त मोजणीची नोटीस लागली की सातबारावाले आपापली कागदपत्रे घेऊन तहसीलवर धावतात. त्याच आठवड्यात त्या गटांवर कोण मजुरीला जातो, कोण वाट्याने कसतो, गायरानाचा कोणता तुकडा किती सालापासून कोणाकडे आहे, याची वस्तीनिहाय यादी करावी. जुन्या दंडाच्या पावत्या, पीकपाहणीच्या नोंदी जोडाव्यात. ती यादी ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवून तिची प्रत उपविभागीय अधिकाऱ्याच्या आवकजावकमधून पोचपावतीसह घ्यावी.